फ्यूज गेला नाही, मग गाय कशाने गेली?



गेल्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातील एका वस्तीवर मोसंबीची बाग पाहायला गेलो होतो. घरची मंडळी मात्र दुःखात होती. आदल्या दिवशी विहिरीवरच्या लोखंडी पाइपाला अंग लागून दुभती गाय जागीच गेली होती. घरच्या आजींनी विचारले, "साहेब, फ्यूज तर शाबूत हाय. मग करंट आला कुठून?"

प्रश्न लाखमोलाचा होता. त्याचे उत्तर घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

मोटारीला विजेची दोन दुखणी होतात. पहिले, प्रवाह प्रमाणाबाहेर वाढणे. पंखा अडकला, एक फेज गेला किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या की असे होते. दुसरे, प्रवाह वाट सोडून जमिनीत जाणे. केबलचे किंवा मोटारीतील वाइंडिंगचे आवरण झिजले की वीज मोटारीच्या अंगावर येते, तेथून पाइपात उतरते.

पहिल्या दुखण्यावर फ्यूज आणि स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले हे औषध आहे. पाच हॉर्सपॉवरची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते. साध्या स्टार्टरचा रिले मोटारीच्या पाटीवरील आकड्यावरच लावावा. मोटार वारंवार बंद पडते म्हणून रिले वर सरकवणे किंवा फ्यूजात जाड तार घालणे म्हणजे राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधून झोपण्यासारखे आहे.

दुसऱ्या दुखण्यात फ्यूज बहुधा गप्प राहतो. हिशेब पाहा. फेज व जमीन यांत 230 व्होल्टचा दाब असतो. आपल्या अर्थिंगचा विरोध 15 ओहम आणि डीपीच्या अर्थिंगचा 5 ओहम धरला, तर 20 ओहममधून प्रवाह वाहील फक्त साडेअकरा अँपिअर. पंधरा अँपिअरचा फ्यूज त्याने वितळत नाही. मात्र मोटारीच्या अंगावर 170 व्होल्टच्या वर दाब बसून राहतो! माणसाच्या जिवाला तर अँपिअरचा विसावा हिस्साही घातक ठरू शकतो. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जमिनीत उतरलेला करंटही त्याला अधिक बाधतो.

आपल्या जालना जिल्ह्यातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, विरोध वाढतो आणि धोकाही वाढतो. म्हणून पुढील कामे करावीत.

1. सुमारे 40 मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जमिनीत उभा पुरावा. भोवती कोळसा व मीठ भरावे. मोटार, स्टार्टर आणि लोखंडी पेटी त्याला तारेने घट्ट जोडावी. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावे.

2. तीस मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसवावा. गेलेला प्रवाह परत येतो की नाही, हे तो तोलून पाहतो. तूट दिसताच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. पण जादा भार त्याला कळत नाही, म्हणून फ्यूज व रिलेही हवेतच.

3. महिन्यातून एकदा ब्रेकरचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. मोटारीला न्यूट्रल नसेल, तर बटण काम करील अशी जोडणी जाणकार वायरमनकडून करून घ्यावी.

4. ब्रेकर पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो काढून टाकू नये. केबल व मोटार तपासून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. तुटून पडलेली तार मेलेली समजू नये. कोरड्या जमिनीवर पडलेल्या 11 हजार व्होल्टच्या तारेतून इतका थोडा प्रवाह वाहू शकतो की उपकेंद्रातील रिलेलाही तो कळत नाही. माणसे-जनावरे लांब ठेवावीत आणि 1912 क्रमांकावर कळवावे.

त्या वस्तीवर आता नवे अर्थिंग आहे, ब्रेकरही आहे. दर अमावस्येला धाकटी सून बटण दाबते आणि 'खट्' असा आवाज आला की आजींना सांगते. गेलेली गाय परत येत नाही. पण आता पाणी भरायला विहिरीवर जाणाऱ्या लेकराची काळजी राहिली नाही. आपल्या विहिरीवर असा 'खट्' आवाज येतो का, हे याच आठवड्यात पाहावे.