पथ्याचा आहार आणि प्रथिनांची भुकटी

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत मेतकूट, भाजणी आणि गूळ यांच्या बरण्यांशेजारीं अलीकडे एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे वनस्पतिजन्य प्रथिनांच्या भुकटीचा, बाजारांतल्या भाषेंत प्रोटीन पावडरचा, डबा. वाटाणा, सोयाबीन, तांदूळ, मूग, भोपळ्याच्या बिया यांपासून ही भुकटी करतात. घरांत कोणाला दूध पचत नाहीं, कोणाला गहूं वर्ज्य असतो, कोणाला डाळी मोजून खाव्या लागतात. मग अन्न अंगीं लागत नसल्याची काळजी वाटून हा डबा आणला जातो. हेतु उत्तमच असतो. परंतु पथ्य संभाळणाऱ्या माणसाला डब्याच्या दर्शनी भागावरील मोठ्या आंकड्याचा उपयोग थोडा. त्याला खरा उपयोग मागच्या बाजूच्या बारीक मजकुराचा. निवड करतांना आरंभ वर्ज्य पदार्थापासून करावा, प्रथिनांच्या आंकड्यापासून नव्हे, हें या विषयाचें सार होय.

प्रथम भुकटीची गरज आहे कीं नाहीं, हें पाहणें इष्ट. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें पुरेत, असें भारतीय वैद्यक संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनीं २०२० सालीं ठरविलें. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसास सुमारें ५० ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या तूरडाळींत साडेसहा, तितक्याच शेंगदाण्यांत सात आणि तितक्याच सोयाबीनच्या वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनें साधारणपणें मिळतात. ज्याला हे पदार्थ मोकळेपणीं खातां येतात, त्याची गरज ताटांतच भागूं शकते. शरीर कमावण्यासाठीं अशा भुकट्या घेणें टाळावें, असा सल्ला याच संस्थांनीं २०२४ सालीं दिला आहे. पथ्यामुळें ज्याच्या ताटांतील दोनतीन पदार्थ एकदम नाहींसे झाले, त्याची गोष्ट मात्र निराळी. त्याच्यासाठींच हा विचार.

भुकटी तयार कशी होते, हें समजलें म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. वाटाण्याचें पीठ क्षारयुक्त पाण्यांत कालवितात. त्यांतील प्रथिन विरघळतें आणि पिष्ट व चोथा बाजूला काढतां येतो. नंतर आम्ल घालून प्रथिन साकळवितात आणि तें वाळवितात. डाळींत शेंकडा बावीसच्या आसपास असणारें प्रथिन अशा रीतीनें शेंकडा ऐशींपर्यंत पोंचतें. या क्रियेंत वापरलेल्या क्षारांतील सोडियम कांहीं अंशीं भुकटींत राहतें. म्हणून चवीला मुळींच खारट नसलेली भुकटीही रक्तदाबाच्या रोग्याच्या मिठाच्या हिशोबांत धरावी लागते.

प्रथिनें ज्या घटकांचीं बनतात, त्यांपैकीं नऊ आहारांतूनच मिळावे लागतात. तांदुळांत त्यांपैकीं लायसीन कमी, तर डाळींत मेथिओनीन कमी. वरणभातांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हाच न्याय भुकटीला लावावा: नुसत्या तांदुळाच्या भुकटीपेक्षां वाटाणा आणि तांदूळ यांचें मिश्रण बरें. सोयाबीनचें प्रथिन या दृष्टीनें एकटेंच बहुतेक परिपूर्ण आहे.

आतां एकेका पथ्याकडे वळूं. दूध वर्ज्य असलेल्या माणसाची फसगत बहुधा हिरव्या ठिपक्यामुळें होते. ती खूण पदार्थ शाकाहारी असल्याची होय. त्यांत दूध असण्यास तिची आडकाठी नाहीं. प्राणिजन्य कांहींही नसलेल्या पदार्थांसाठीं २०२२ सालच्या नियमांनीं 'व्ही' अक्षराची वेगळी हिरवी खूण ठरविली आहे. ती पाहावीच, शिवाय दूध, सोया, भुईमूग, गहूं वगैरेंचा उल्लेख करणारी ॲलर्जीविषयक सूचनाही वाचावी. एकाच यंत्रावर अनेक पदार्थ दळले जातात, तेव्हां यादींत नसलेला पदार्थही अंशरूपानें डब्यांत येऊं शकतो. ज्याला भुईमूग मुळींच सोसत नाहीं, त्यानें वाटाण्याच्या भुकटीपूर्वीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. दोन्ही एकाच कुळांतील आहेत.

सीलिॲक रोगांत गहूं व जव यांतील ग्लूटेन वर्ज्य असतें. येथें भुकटीचें नुसतें नांव वाचून भागत नाहीं, कारण चवीसाठीं घातलेलें माल्ट बहुधा जवाचें असतें. डब्यावर 'ग्लूटेनमुक्त' असे शब्द असावे; भारतीय नियमांप्रमाणें त्याचा अर्थ किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नाहीं, असा होतो. डब्याऐवजीं घरगुती पर्याय शोधणाऱ्यानेंही नांवाच्या सारखेपणानें फसूं नये. उत्तरेकडील सत्तू भाजलेल्या हरभऱ्याचा असतो. आपल्याकडील सातूच्या पिठांत गहूं किंवा जव असतो.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना सोयाबीन वर्ज्य नाहीं. परंतु तें गोळीच्या शोषणांत अडथळा आणतें. म्हणून सोयायुक्त भुकटी आणि गोळी यांत चारेक तासांचें अंतर ठेवावें. मधुमेही माणसानें घटकांच्या यादींत साखरेबरोबर माल्टोडेक्स्ट्रिन हें नांवही शोधावें. तें गोड फारसें नसतें, पण रक्तांतील साखर झपाट्यानें वाढवितें.

सर्वांत अधिक जपावयाचें तें मूत्रपिंडाच्या विकारांत. प्रथिनांच्या पचनानंतर उरणारा युरिया बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडांचें. तीं दुबळीं झालीं असतां प्रथिनें वाढविणें म्हणजे थकलेल्या बैलावर आणखी गोणी लादणें होय. २०२४ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अशा रोग्यास, विकार मध्यम किंवा पुढच्या पायरीवर असतां, दर किलोमागें ०.८ ग्रॅम प्रथिनें सांगतात आणि १.३ ग्रॅमच्या वर जाऊं नये असें बजावतात. उलट डायलिसिस सुरू झालें कीं गरज १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढते. म्हणजे त्याच साठ किलो वजनाच्या माणसाला आधीं सुमारें ४८ ग्रॅम, तर नंतर ६० ते ७२ ग्रॅम. जो डबा काल अपायकारक होता, तोच आज उपयोगी ठरूं शकतो! अशक्त दिसणाऱ्या वडिलांना मुलानें मायेनें दिलेली भुकटी यापैकीं कोणत्या वेळीं पोटांत जाते, यावर सारें अवलंबून. पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचे आंकडेही अशा रोग्याला हवे असतात, आणि पुष्कळ डब्यांवर तेच नसतात. म्हणून येथें निर्णय डॉक्टरांचा व आहारतज्ज्ञांचा; दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा नव्हे.

छापील आंकड्यावर विश्वास किती ठेवावा, हाही प्रश्न उरतो. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनीं १८८३ सालीं नत्र मोजण्याची पद्धति शोधली. निघालेल्या नत्रास ६.२५ नें गुणून प्रथिनांचा अंदाज करतात. परंतु या रीतीला नत्र कळतो, प्रथिन कळत नाहीं. ग्लायसीनसारखें स्वस्त द्रव्य मिसळलें तरी आंकडा फुगतो. चीनमध्यें २००८ सालीं दुधांत मेलामीन मिसळून हीच युक्ति झाली आणि हजारों बालकें आजारी पडलीं. केरळांतील डॉक्टरांच्या पुढाकारानें भारतीय बाजारांतील ३६ भुकट्या तपासल्या गेल्या. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधांत पंचवीस भुकट्यांवरील प्रथिनांचा आंकडा खरा नसल्याचें आढळलें. वनस्पति जमिनींतून शिसेंही शोषून घेतात. अमेरिकेंतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेनें २०२५ सालीं तपासलेल्या २३ उत्पादनांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिकांच्या एका मात्रेंत, त्या संस्थेनें दिवसाकाठीं मर्यादा म्हणून धरलेल्या प्रमाणाहून जास्त शिसें निघालें. दुग्धजन्य भुकट्यांपेक्षां वनस्पतिजन्य भुकट्यांत तें बरेंच अधिक होतें. गर्भवती व लहान मुलें यांना शिशाचा धोका विशेष.

यास्तव खरेदीची रीत अशी असावी. आधीं वर्ज्य पदार्थांची यादी लिहून काढावी आणि ती डब्यावरील घटकांच्या यादीशीं ताडून पाहावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें छापलेले असतात, म्हणून पहिलीं तीन नांवें महत्त्वाचीं. नंतर भागाकार करावा: तीस ग्रॅमच्या चमच्यांत चोवीस ग्रॅम प्रथिन असेल, तर भुकटी शेंकडा ऐशीं, बाराच असेल, तर निम्म्याहून अधिक पैसे दुसऱ्याच पदार्थांना जातात. घटक थोडे असावे, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असावा, आणि शिसें वगैरेंच्या तपासणीचा अहवाल उत्पादक दाखवीत असेल तर उत्तमच. प्रथम लहान पुडकें आणून अर्ध्या मात्रेनें आठवडाभर पाहावें. आणि घरांत एकाला मानवलेला डबा दुसऱ्याच्या पेल्यांत ओतण्यापूर्वीं, त्या दुसऱ्याचें पथ्य पुन्हा एकवार विचारावें.