अंगणवाडीतला मोबाइल कोणाचा वेळ खातो?

मोबाइलने काम आतून कसं बदलतं, हे पाहायचं तर अंगणवाडीत जावं. काम आणि शिक्षण तिथे एकाच खोलीत चालतं, आणि दोन्हींची जबाबदारी एकाच सेविकेवर असते. हाताशी फार तर एक मदतनीस.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा गरीब वस्तीतल्या मुलांच्या दारात शिक्षण नेणं हा त्यांचा ध्यास होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना देशात आली. तिच्या अंगणवाड्यांत पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण एकत्र आलं. या सगळ्याची नोंद सेविका अनेक रजिस्टरांत करत असे.

या रजिस्टरांचं ओझं मोबाइल उतरवणार होता. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाइल तापतो, अडकतो, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी येतो, आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. गावातल्या बाईने मराठीत करायचं काम इंग्रजीत मागितलं गेलं, हे कोणालाच आधी खटकलं नाही, याचा मला आजही राग येतो. पुढे ॲप मराठीतही आलं. ते आधी यायला हवं होतं.

ॲपचा उपयोग आहे, तो खराच. वजन-उंची भरली की मूल सॅम की मॅम, म्हणजे तीव्र कुपोषित की मध्यम, हे लगेच कळतं. हिशेबात चूक होत नाही. बीडचं ऊसतोड कुटुंब कारखान्याच्या भागात गेलं, तर बाळाची नोंद तिकडच्या अंगणवाडीकडे वळवता येते. वर्षानुवर्षं स्थलांतरात हरवणाऱ्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र पूर्वी सेविका कागदावरच्या वाढीच्या आलेखावर ठिपका मांडायची, आणि तो कोणत्या रंगाच्या पट्ट्यात पडला हे आईला बोटाने दाखवायची. आईशी बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. माहिती स्क्रीनमधून थेट वर जाऊ लागली, की हा संवाद आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो.

आणि वेळ तर आणखी आटला. २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. या पडताळणीसाठी आधार जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, पण तो मोबाइल बहुतेकदा नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा कामावर. मेळघाटातल्या ज्या पाड्यांवर रेंजच नाही, तिथे ओटीपीचा प्रश्नही उद्भवत नाही. आहार नेण्यासाठी चालत आलेल्या गरोदर बाईला चेहरा जुळला नाही म्हणून परत पाठवणं, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

त्यातच २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वयोगट शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतला. निर्णय योग्यच, कारण भाषा, गाणी, गोष्टी, मणी ओवणं, मातीचे गोळे करणं यांचं वय हेच. पण या वयाच्या मुलांना मोठ्या माणसाचं अखंड लक्ष लागतं. सेविका फोटो काढून अपलोड होण्याची वाट पाहत बसली, तर गोष्ट अर्धी राहते आणि मुलं उठून जातात. म्हणजे शिकवणं वाढवायचं, आणि शिकवणाऱ्याच्या हातात मोबाइल द्यायचा, असे दोन उलटे आदेश एकाच बाईकडे येतात. तेही मानधनावर, ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्यावर मिळाला.

त्यामुळे मागणी अगदी साधी आहे. चेहरा जुळला नाही तरी आहार द्यावा, नोंद कागदावर चालावी. ॲप भरण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा. मोबाइलचा आणि रिचार्जचा खर्च वेळेवर मिळावा. वर जाणारे आकडे दर महिन्याला गावापुरते, वाचता येतील असे, सेविकेला परत मिळावेत, म्हणजे कोणत्या घरी आधी जायचं हे तिला ठरवता येईल.