खेळांच्या दुकानांची अडत

तुमचा मुलगा किंवा नातू संगणकावर खेळ खेळताना तुम्ही पाहिला असेल. पूर्वी असा खेळ तबकडीवर मिळे. आता तो दुकानातून थेट संगणकात उतरतो. या दुकानाला भिंती नाहीत, फळ्या नाहीत; पण गल्ला आहे.

यांतले मोठे दुकान स्टीम. अमेरिकेतल्या वाल्व्ह कंपनीने ते २००३ साली काढले. खेळ करणारा आपला माल तिथे ठेवतो. १०० रुपयांची विक्री झाली, तर ३० दुकानाचे आणि ७० त्याचे. म्हणजे ही अडतच झाली की! अर्थात दुकान त्याबद्दल कामही करते. पैसे वसूल करते, माल पोचवते. २०१५ पासून तर खेळ पसंत पडला नाही, तर १४ दिवसांत पैसेही परत देते. मात्र तो दोन तासांहून कमी खेळलेला हवा.

डिसेंबर २०१८ मध्ये एपिक या कंपनीने समोर दुसरे दुकान थाटले. अडत फक्त १२. ते उघडण्याच्या थोडेच दिवस आधी स्टीमने आपली अडत उतरवली. पण कोणासाठी? ज्या खेळाची विक्री एक कोटी डॉलरवर जाईल, त्याला पुढच्या विक्रीवर २५. पाच कोटींवर गेली तर २०. लहान माणसाला ३० ते ३०च. सवलत मोठ्या खातेदाराला, हे आपल्याला काही नवीन नाही.

खेळणाऱ्यांना काय मिळाले? एपिकने गिऱ्हाईक ओढायला खेळ फुकट वाटले. मे २०२० मध्ये एक नावाजलेला खेळ फुकट दिला, तेव्हा एवढी झुंबड उडाली की दुकानच काही तास बंद पडले! पण एपिकने काही खेळ पैसे देऊन आपल्याकडेच अडवले. ‘मेट्रो एक्झोडस’ हा खेळ २०१९ मध्ये विक्रीला येण्याच्या तोंडावर स्टीमवरून निघाला आणि वर्षभर एपिककडे राहिला. अमेरिकेत त्याची किंमत दहा डॉलर उतरली, तरी लोक चिडलेच. कारण एका दुकानातला खेळ दुसऱ्या दुकानात नेता येत नाही. एरवी अडत कमी झाली म्हणून माल स्वस्त झाला, असे फारसे दिसले नाही. वाचलेला पैसा बहुधा करणाऱ्याकडे राहिला.

जून २०२५ पासून एपिक एका खेळाच्या वर्षातल्या पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच अडत घेत नाही. तरी गर्दी स्टीमवरच. मी नातवाला कारण विचारले. तो म्हणाला, “आजोबा, माझे सगळे जुने खेळ इथं आहेत, आणि दोस्तही इथंच.”