शिवराई चिंचेने घासू नका

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत देव्हाऱ्यातल्या टाकांशेजारी एखादी तांब्याची शिवराई सापडते. सणाला भांड्यांबरोबर तीही चिंच-मीठ लावून घासली जाते. त्याने नाणे स्वच्छ होते, हा समज सगळ्यांत घातक. वर्षानुवर्षे जमलेला तपकिरी किंवा गडद हिरवा, घट्ट थर म्हणजे मळ नव्हे. तो धातूला जपतो. चिंचेचे आम्ल तो खाते, घासण्याने अक्षरांचा उठाव झिजतो आणि मिठातले क्लोराइड धातूच्या छिद्रांत मुरते.

मग काही पावसाळ्यांनी फिकट हिरवी भुकटी दिसू लागते. हिरवे ते सारे सारखेच, असे मानू नये. नखाने गळणारी ही भुकटी म्हणजे तांब्याचा रोग. क्लोराइड, दमट हवा आणि तांबे यांच्या संयोगातून आम्ल बनत राहते आणि नाणे पोखरले जाते. असे नाणे लगेच वेगळे करून कोरड्या डबीत, सिलिका जेलसोबत ठेवावे आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवावे. निरोगी नाण्याला मऊ कोरडा ब्रश पुरे. पीव्हीसीचे मऊ अल्बम टाळा, त्यांतूनही कालांतराने आम्ल सुटते.

दुसरा समज भावनेचा आहे, म्हणून हळुवार सांगायला हवा: प्रत्येक शिवराई शिवाजी महाराजांच्या काळातली नसते. १६७४च्या राज्याभिषेकाशी या नाण्याची सुरुवात जोडली जाते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. पण हाच मजकूर पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही अनेक टांकसाळींत छापला गेला. अक्षरांमध्ये दोन समांतर रेघा असलेली ‘दुदांडी’ उत्तरकाळातली. म्हणून तिचे मोल कमी होत नाही. दीडेकशे वर्षे लोकांनी त्याच नावावर व्यवहार केला, हे मला फार मोठे वाटते.

एखादे अक्षर कापलेले दिसले, म्हणून नाणे खोटे ठरत नाही. ठसा तांब्याच्या चकतीहून मोठा असे आणि घाव हाताने बसे, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. ओतीव नकलेवर मात्र हवेचे बारीक खड्डे किंवा कडेला सांधा दिसू शकतो.

शेतात नांगराला लागलेला ठेवा सापडणाऱ्याचाच, हेही खरे नाही. १८७८च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.