शेतकऱ्याला सवलत का? व्यापाऱ्याने मांडावा असा हिशोब

पोलादपूरच्या पेठेत दोन व्यापारी भेटले की एक तक्रार हमखास निघते. शेतकऱ्याला खत स्वस्त, कर्ज स्वस्त, वर रोख मदत. कर भरणाऱ्या आम्हांला काय? तक्रार अगदीच खोटी नाही, पण हिशोब पुरा मांडला पाहिजे.

आम्ही कापडवाले माल खपला नाही तर ठाण फळीवर ठेवतो, मंदी दिसली की पुढची खरेदी आवरतो. भात पेरणारा जूनमध्ये पैसा मातीत घालतो. भाव त्याला दिवाळीच्या सुमारास कळतो. पाऊस त्याच्या हातात नाही. पीक उदंड आले तर भाव कोसळतो, कारण तांदूळ स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट जेवत नाही. अशाने त्याने शेती सोडली तर देशाने खायचे काय? १९६५-६६ च्या दुष्काळात आपण अमेरिकेच्या गव्हावर दिवस काढले. १९६५ सालीच अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. हमीभावाची आजची पद्धत तिथून आली.

दुसरे असे की, सवलतीचा लाभ खाणाऱ्यालाही पोचतो. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. वरचा खर्च सरकार सोसते. धान्य आवाक्यात राहिले तरच कारागिराची मजुरी घराला पुरते.

दोषही आहेत. ज्याची जमीन मोठी, त्याला खत जास्त आणि सवलतही जास्त. स्वस्त युरिया वाजवीपेक्षा जास्त पडून जमीन बिघडते. २०२५-२६ साठी भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आहे. पण आमच्या डोंगराळ भागातला ज्याचा भात घरच्या चुलीलाच लागतो, त्याला त्याचा काय उपयोग? अशाला १९९० ची रोजगार हमीतली फळबाग योजना किंवा २०१९ पासूनचे किसान सन्मानचे वर्षाला ६ हजार रुपयेच जवळचे.

शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तर लग्नसराईचे कापड खपते, जुनी उधारी वसूल होते. तेव्हा त्याचे बंद करा म्हणण्यात आमचाच तोटा आहे. आपल्या वाट्याचे मात्र मागावे. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, लोहार धरून १८ व्यवसाय आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. आपल्या किती कारागीर बांधवांनी नाव नोंदवले, हे आधी विचारू या.