बुधवार, रात्री आठ, रेडिओ सिलोन

१९७२ च्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिल्या पायरीवर होतं ‘दम मारो दम’. आकाशवाणीने मात्र या गाण्याला दारं बंद केली होती. ज्या गाण्याने देशाला वेड लावलं ते देशाच्या रेडिओवर लागत नाही, म्हणून नाशिककराने काटा थेट कोलंबोपर्यंत सरकवायचा! हिप्पींच्या जमान्यातला आपला ‘भूमिगत रेडिओ’ शोधायला निघालं, तर तो असा माजघरातल्या फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली सापडतो.

अमेरिकेत भूमिगत रेडिओची सुरुवात १९६७ च्या एप्रिलमध्ये झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या एफएम केंद्रावर टॉम डोनाह्यू यांनी तीन मिनिटांच्या हिट गाण्यांना फाटा दिला आणि लांबलचक सायकेडेलिक गाणी, कधी तबकडीची अख्खी बाजू वाजवायला घेतली. एएमचाच कार्यक्रम एफएमवर उतरवायला तिथल्या सरकारने मर्यादा घातल्या होत्या, त्यामुळे एफएमला नवं काहीतरी हवंच होतं. ब्रिटनमध्ये रेडिओ कॅरोलाइन १९६४ पासून समुद्रात उभ्या जहाजावरून वाजत होतं. आपल्याकडे अशी फटही नव्हती आणि जहाजही नव्हतं. १८८५ च्या तार कायद्यानुसार प्रक्षेपणाचा हक्क तेव्हा सरकारचा होता, आणि घरात नुसता रेडिओ ठेवायचा तरी पोस्टातून परवाना काढावा लागे. खरोखरीचं चोरटं केंद्र मुंबईत चाललं ते १९४२ मध्ये, उषा मेहता आणि साथीदारांचं काँग्रेस रेडिओ. तेही नोव्हेंबरात पोलिसांनी पकडलं.

मग आपलं बंड चाललं ते शॉर्टवेव्हवर, आणि त्याला कारणीभूत झाले एक मराठी मंत्रीच. १९५२ मध्ये नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे आलं. शास्त्रीय संगीताचा त्यांना मनापासून कळवळा, सिनेसंगीताचा तितकाच तिटकारा. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. महायुद्धात दोस्त फौजांसाठी बसवलेला तिथला जबरदस्त ट्रान्समीटर आता हिंदी गाणी फेकत होता. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. १९५७ मध्ये विविध भारती आली, पण तोवर लोकांना सिलोनची चटक लागली होती.

वाड्याच्या गच्चीवर दोन बांबूंमध्ये तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली असे. खाली व्हॉल्व्हचा सेट तापायला वेळ घेई, मग ट्यूनिंगचा हिरवा डोळा उजळे. काटा केसभर हलला की गाणं हातचं जाई. पावसाळ्यात वीज चमकली की नुसती कडकड. आणखी एक गंमत होती. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या आयनमंडलावर आपटून परततात, त्याही वेगवेगळ्या वाटांनी. वाटेत त्या एकमेकींत मिसळल्या की काही स्वर बुडतात, काही फुगतात, आवाज लाटेसारखा वरखाली होतो. लंडनच्या स्टुडिओत हाच परिणाम साधायला दोन टेपरेकॉर्डर जुंपून एकाचा वेग किंचित कमी करत. नाशिकला तो फुकट मिळे, आणि घरचे त्याला ‘स्टेशन नीट लागत नाही’ म्हणत!

‘दम मारो दम’ला तर हे फारच शोभत असणार. चरणजित सिंग यांच्या ट्रान्झिकॉर्ड या इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियनचे ते घोंघावणारे सूर, भूपिंदर सिंग यांची गिटार, राहुल देव बर्मन यांची चाल आणि आवाज आशाबाईंचा. ज्या आशाबाईंची भावगीतं सकाळी सगळं घर कौतुकाने ऐकायचं, त्यांचाच. देव आनंद यांचा ‘हरे रामा हरे कृष्णा’ खरं तर हिप्पींना शहाणपण शिकवणारा, बहीण-भावाचा रडवा सिनेमा. तो उपदेश आकाशवाणीपर्यंत पोचला नसावा. गाणं घराघरांत पोचवलं ते ‘बिनाका’ या दात घासायच्या पेस्टच्या कंपनीने.

रॉकलाही असाच शेठ भेटला, सिगारेटवाला. इम्पीरियल टोबॅकोने ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवली. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात गावोगावचे बँड झुंजले आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांच्या तबकड्या निघाल्या. फझ गिटारने भरलेल्या त्या तबकड्या परदेशी संग्राहकांनी नंतर डोक्यावर घेतल्या. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा उघड्या माळावरचा महोत्सव झाला. हे सगळं बहुतेक इंग्रजीत, मोठ्या शहरांतल्या पोरांचं. नाशिकच्या पोराला त्यातलं गिटार परवडणारं नव्हतं. रेडिओ परवडत होता.

मराठी गळा रॉकमध्ये उतरला तो नंदू भेंड्यांचा. रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा ‘वेल्व्हेट फॉग’ या बँडमध्ये गायला, १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्युडास झाला आणि १९७८ मध्ये पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश. संगीत नाटकाला पाश्चात्त्य बाज देऊन मराठीत रॉक गाणारा हा माणूस लोकांना रेडिओने नव्हे, तर रंगभूमीने दिला. तिथे तिकीट काढलं की झालं, परवाना लागत नव्हता.