बिंब बुडाल्यावर उठू नका

गुहागरच्या पुळणीवर ऑक्टोबरातली गर्दी सूर्य पाण्याला टेकेपर्यंतची. बिंब दिसेनासं झालं की लोक चपलांमधली वाळू झटकतात आणि निघतात. मला याची चुटपुट लागते, कारण रंगांचा भर त्यानंतर असतो.

साडेपाचला सूर्याकडे बघवत नाही. तेव्हा पाठ फिरवून वाळू बघावी. आधी पांढरट, मग पिवळी, शेवटी विटकरी. आपली सावली मात्र निळसर दिसते, कारण तिथे उजेड पोचतो तो फक्त आभाळाचा.

हवेचे रेणू निळा प्रकाश फार विखुरतात, लाल कमी. 1871 साली जॉन स्ट्रट यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड रेली यांनी, याचं गणित मांडलं. त्यानुसार 400 नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश 700 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या नऊपटींहून जास्त विखुरतो. डोक्यावरच्या सूर्याच्या किरणांना जेवढी हवा ओलांडावी लागते, तिच्या सुमारे 38 पट हवा क्षितिजावरच्या सूर्याच्या वाट्याला येते. निळा वाटेतच गळतो. पश्चिमेला दूर अरबी समुद्रात एखादं जहाज असेल, तर त्याच्यावरचं आभाळ या गळालेल्या प्रकाशानेच अजून निळं असतं.

टेकलेलं बिंब खालून चेपल्यासारखं दिसतं. हवेतल्या अपवर्तनाने त्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते. खरं तर त्या क्षणी सूर्य क्षितिजाखाली गेलेलाच असतो. बिंब पूर्ण बुडायला दोन-सव्वादोन मिनिटं पुरतात.

आता थांबायचं. दहा किलोमीटर उंचीवरच्या तंतुमेघांवर आपल्याला सूर्य दिसेनासा झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं ऊन पडत असतं. ते ऊन समुद्राला चाटून आलेलं, म्हणजे हवेच्या जाड थरातून आणखी लांबचा प्रवास केलेलं. ढग आधी सोनेरी, मग शेंदरी, मग गुलाबी होतात. पण डोक्यावरच्या त्या ढगापर्यंत पोचणारा किरण साडेतीनशे किलोमीटर पश्चिमेला समुद्राला स्पर्शून निघालेला असतो. तिथे ढगांची भिंत उभी असली की इथे काहीच रंगत नाही, आणि ती भिंत आपल्याला दिसतही नाही. क्षितिज मोकळं दिसत असूनही संध्याकाळ फिकी का गेली, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

याच वेळी पूर्वेला, माडांच्या शेंड्यांवर, करडा-निळा पट्टा चढत असतो आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी पट्टा. करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची वातावरणावर पडलेली सावली. माथ्यावरचा गर्द निळा मात्र रेलींच्या हिशेबात बसत नाही. तो मुख्यतः ओझोनचा. ओझोन पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतो, आणि सूर्य खाली गेल्यावर किरणांना ओझोनच्या थरातून तिरका, लांबचा प्रवास करावा लागतो. हे 1953 साली हलबर्ट यांनी दाखवलं.

धुळीमुळे मावळती खुलते, असं लोक सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. धुळीचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. हिवाळ्यात मुंबईत कितीदा सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच धुरकटात विरघळतो! पावसाने धुतलेली हवा आणि वर थोडे उंच ढग, म्हणून ऑक्टोबर. अपवाद ज्वालामुखींचा. 15 जून 1991 च्या पिनाटुबोच्या उद्रेकानंतर गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब वातावरणाच्या वरच्या थरात पसरले आणि जगभरच्या संध्याकाळी जांभळ्या-लाल झाल्या. 1883 च्या क्राकाटोआनंतर तर अमेरिकेत काही गावांत आग लागली समजून बंब निघाले होते.

तेव्हा बिंब गेल्यावर आणखी पंचवीस मिनिटं बसा, मधूनमधून मागेही वळून बघा. फोटो काढायचा असेल, तर फोनचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, ‘डेलाइट’वर ठेवा. ऑटोवरचा फोन तांबडेपणा ही चूक समजून ती दुरुस्त करायला जातो.